वीस मुलांच्या वर्गावरचा शोधनिबंध

विदर्भातल्या खेड्यापाड्यांत जिल्हा परिषदेचे शिक्षक जे कृतिसंशोधन, म्हणजे आपल्याच वर्गातल्या अडचणीवर उपक्रम करून पाहण्याचं संशोधन, करतात, त्यातलं बरंचसं कपाटातच राहतं. वर्गात वीसच मुलं होती, त्यावर कोण छापणार, असं आधीच धरलेलं असतं. वीस मुलांचा अभ्यासही छापण्याजोगा असतो, असं मी ठामपणे म्हणेन. फक्त ती वीसच होती, कोणती होती आणि शेवटपर्यंत किती उरली, हे लेखात उघड दिसलं पाहिजे.

पहिला घोळ उपस्थितीचा. आपल्याकडे शाळा जूनअखेर उघडतात. उपक्रमाआधीची पूर्वचाचणी जुलैत होते, उपक्रमानंतरच्या उत्तरचाचणीला डिसेंबर उजाडतो. तोवर कापसाची वेचणी भरात आलेली असते. काही मुलं वावरात जातात, काही घरं कामासाठी बाहेरगावी निघून गेलेली असतात. समजा, पूर्वचाचणीला २६ मुलं होती आणि उत्तरचाचणीला १९. दोन्हींच्या सरासऱ्या तक्त्यात शेजारी मांडल्या, तर नियतकालिकासाठी लेख तपासणारा परीक्षक तिथंच थांबतो. गळालेली सात मुलं मुळात कमी गुणांची असतील, तर काहीही न शिकवता सरासरी वर चढते. म्हणून दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचेच गुण तुलनेला घ्यावेत, गळालेल्यांचे पूर्वचाचणीचे गुण वेगळे द्यावेत आणि ती का गळाली ते लिहावं. ही माहिती लेखाला कमीपणा आणत नाही. शहरातल्या संशोधकाकडे ती नसते, म्हणून ती मोलाची आहे.

संख्या लहान असली की टक्केवारीही फसवते. १८ जणांत एक मूल म्हणजे साडेपाच टक्क्यांहून जास्त. ‘५५.५६ टक्के’ लिहिण्यापेक्षा ‘१८ पैकी १०’ लिहा. सरासरीसोबत प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती विखुरलेत तो आकडा, द्या. त्याच मुलांच्या दोन सरासऱ्यांची तुलना जोडीच्या टी-चाचणीने करतात; पण गुणांमधला फरक फारच एकीकडे झुकलेला असेल, तर तिच्याऐवजी चिन्ह-चाचणी (साइन टेस्ट) बरी. एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये पी-मूल्य (निव्वळ योगायोगाने एवढा फरक दिसण्याची शक्यता) .००० दिसलं, तर ते तसंच उतरवू नका, ०.००१ पेक्षा कमी असं लिहा. आणि तुलनेला दुसरा गट नसेल, तर ‘उपक्रमामुळे प्रगती झाली’ म्हणता येत नाही. उपक्रमाच्या काळात प्रगती दिसली, एवढंच म्हणता येतं. सहा महिन्यांत मुलं एरवीही काही ना काही शिकतच असतात.

चाचणी कोणत्या भाषेत झाली, हे बहुतेक लेखांत नसतंच. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीत गोंडी किंवा माडिया, यवतमाळच्या काही गावांत कोलामी. शाब्दिक उदाहरण मराठीत दिलं आणि मूल चुकलं, तर त्याला वजाबाकी आली नाही की प्रश्न समजला नाही? सूचना कोणी, कोणत्या भाषेत सांगितल्या, ते पद्धतीच्या भागात लिहा आणि चाचणी परिशिष्टात जोडा.

मुख्याध्यापकांची परवानगी आणि पालकांची संमती काम सुरू होण्याआधीची हवी. मुलांची नावं काढली की झालं, असंही नाही. गावाचं नाव, इयत्ता आणि ‘वर्गातली एकमेव माडिया मुलगी’ एवढ्यावरून सगळा तालुका तिला ओळखतो. गावाऐवजी जिल्हा लिहा. परीक्षकाला लेखक कळू नये, यासाठीही तेच उपयोगी पडतं. लेखकाचं नाव, शाळा आणि आभार वेगळ्या शीर्षकपानावर ठेवा. वर्डच्या फाइलमध्ये नाव लपून राहतं, ते ‘इन्स्पेक्ट डॉक्युमेंट’मधून काढा.

मराठी लेख कृतिदेव या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल, तर आधी कुठल्याही संगणकावर वाचता येणाऱ्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. तो फाँट नसलेल्या संगणकावर सगळा मजकूर निरर्थक अक्षरांचा दिसतो. बदलल्यावर रफार आणि जोडाक्षरावरची ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, कारण त्याच जागा बिघडतात.

नियतकालिक निवडताना मागचे दोन-तीन अंक उघडून वाचा. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळखक्रमांक असतो, दर्जाची हमी नव्हे. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) मान्य नियतकालिकांची केअर यादी २०२५ मध्ये बंद केली, तेव्हा त्या यादीचा शिक्का दाखवून कोणी आज पैसे मागत असेल तर दूर राहा. दोन दिवसांत छापून देतो म्हणणाऱ्याकडे लेख वाचलाच जात नाही. एकच लेख एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. लेखातला मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे पाहणाऱ्या साम्य-तपासणीत यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, पण नियतकालिकाची स्वतःची मर्यादा त्याहून कडक असू शकते.

लेख नियतकालिकाच्या संकेतस्थळावर ऑनलाइन भरताना वीज आणि नेटवर्कचा भरवसा नसतो. सारांश, सूचक शब्द, सहलेखकांचे ईमेल हे सगळं आधी एका फाइलमध्ये तयार ठेवा आणि प्रत्येक टप्प्यावर जतन करा. काही प्रणालींत शेवटी तयार झालेली पीडीएफ उघडून मंजूर करावी लागते. ते राहिलं तर लेख संपादकांपर्यंत पोचतच नाही आणि आपण महिनोन् महिने वाट पाहतो. लेखक्रमांकाचा ईमेल आला, म्हणजे पोचला.

‘मोठ्या दुरुस्त्या’ असं उत्तर आलं तर तो नकार नव्हे. परीक्षकाचा प्रत्येक मुद्दा उतरवून त्याखाली काय बदललं आणि कोणत्या पानावर, ते लिहा. मुद्दा पटला नाही, तर का पटला नाही ते वर्गातल्या पुराव्यानिशी सांगा. मुदत अपुरी वाटली, तर ती संपण्याआधीच संपादकांना ईमेल करून वाढवून मागा.