मिलवॉकीच्या तळघरातले वाचक

शिकागोहून मिलवॉकीला जायला मोटार लागत नाही. युनियन स्टेशनवरून अ‍ॅमट्रॅकची ‘हायवाथा’ दिवसभरात अनेकदा सुटते आणि ग्लेनव्ह्यू, स्टर्टव्हंट, विमानतळ असं करत दीड तासात शहराच्या मध्यावर आणून सोडते. वाटेत मिशिगन सरोवर दिसेल अशी आशा मात्र ठेवू नका. हा लोहमार्ग बराच आतून जातो. सरोवर भेटतं ते शहरात उतरल्यावर.

आम्ही गेलो ते एका स्वयंसेवकाला भेटायला. हे गृहस्थ निवृत्त आहेत, आयुष्यभर शाळेत मुलांना लाकूडकाम शिकवलं, आणि आता अंध सुतारांसाठी फर्निचरची ड्रॉइंगं वाचून ध्वनिमुद्रित करतात. अमेरिकेत हे काम करणारे ते एकटे नाहीत. ‘वुडवर्किंग फॉर द ब्लाइंड’ नावाची संस्था सुतारकामाची मासिकं वाचून अंध सुतारांना मोफत पोचवते. पण आम्हाला बघायचं होतं ते हे, की वाचलेलं ड्रॉइंग प्रत्यक्ष लाकडात उतरतं कसं. म्हणून त्यांनी आम्हाला थेट एका अंध सुतारमित्राच्या तळघरात बोलावलं.

तळघर शहराच्या दक्षिण भागात, लिंकन अव्हेन्यूच्या जवळ. हा भाग पोलंडहून आलेल्या कामगारांनी वसवला. सेंट जोसाफाटची बॅसिलिका, म्हणजे मोठं चर्च, इथलीच, 1901 साली पुरी झालेली. शिकागोचं जुनं पोस्ट ऑफिस पाडलं तेव्हा त्याचे दगड विकत घेऊन ते मालगाड्यांवरून इथे आणले आणि त्यातून तिचं बांधकाम केलं. आसपासची घरंही तशीच काटकसरीची. आधी छोटं लाकडी घर बांधायचं, पैसे साठले की अख्खं घर जॅकवर उचलून खाली अर्धा जमिनीत गेलेला मजला चढवायचा. ‘पोलिश फ्लॅट’ म्हणतात त्याला. त्या खालच्या मजल्यावर आज कुठे भाडेकरू आहेत, कुठे सुतारकामाची खोली.

सुतारमित्र माजी सैनिक. त्यांनी हे काम शिकागोजवळच्या हाइन्स इथल्या अंध पुनर्वसन केंद्रात उचललं. माजी सैनिकांसाठीचं हे पहिलं असं केंद्र 1948 मध्ये सुरू झालं. तिथे लाकूडकाम शिकवतात ते सुतार घडवायचे म्हणून नाही, तर हाताला मोजायची, क्रम लावायची आणि यंत्राजवळ न घाबरता उभं राहायची सवय लागावी म्हणून. काही जण त्यातच रमतात, हे त्यातले एक.

तळघरात शिरल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती जमीन. एकही वायर आडवी नाही. धूळ ओढणारे पाइप सगळे छताला. भिंतीवर प्रत्येक हत्याराला त्याच्याच आकाराची खाच कोरलेली, त्यामुळे पटाशी चुकीच्या जागी बसतच नाही. पटाश्यांच्या मुठींवर करवतीने कापे दिलेत: पाव इंचीला एक, अर्ध्या इंचीला दोन, पाऊण इंचीला तीन. पाती कधीही वर तोंड करून ठेवायची नाहीत. धार लावायच्या दगडाशेजारी एक फळी, तिच्यावर दोन ठोकळे ठोकलेले, एक 40 मिलिमीटरवर आणि एक 50 वर. बाजूने चिमटणाऱ्या साध्या गाइडमध्ये, म्हणजे धार लावताना पातं एकाच कोनात धरणाऱ्या साधनात, पटाशी 40 मिलिमीटर बाहेर काढली की 25 अंशांचा उतार मिळतो, रंध्याचं पातं 50 काढलं की तोच. पातं ठोकळ्याला टेकेपर्यंत सरकवायचं आणि स्क्रू आवळायचा. कोनमापकाचं कामच नाही.

मोजायला टेप नाही. त्याऐवजी स्क्रूसारखे आटे असलेली दांडी आहे, एका इंचात 16 आटे असलेली, तिच्यावर लांबट नट. नटाचा एक फेरा म्हणजे 1/16 इंच, अर्धा फेरा 1/32, पाव फेरा 1/64. दांडीवर दर अर्ध्या इंचाला नखाला लागेल अशी खाच. आधी खाचा मोजून नट जवळपास आणायचा, मग फेरे मोजायचे. एकदा नट बसला की तेच माप फेन्सला (करवतीच्या यंत्रावर फळी टेकवायच्या सरळ पट्टीला), फळीला, खूण करायच्या गेजला लावता येतं. आकडा लक्षात ठेवावाच लागत नाही, आणि बोलणाऱ्या टेपपेक्षा त्यांचा विश्वास हिच्यावर जास्त आहे तो यामुळेच. पेन्सिलही नाही. खूण चाकूने करायची, म्हणजे ती नखाला सापडते आणि पटाशी आपोआप तिच्यात बसते. खरं तर ही सवय डोळस सुतारांनीही लावून घ्यावी. पेन्सिलीच्या रेघेला जाडी असते, चाकूच्या रेघेला नसते.

आता वाचनाकडे येतो, कारण आम्ही गेलो त्यासाठीच.

मासिकातलं ड्रॉइंग बघणाऱ्यासाठी काढलेलं असतं. त्यात जे लिहिलेलं असतं त्यापेक्षा जे दिसतं ते जास्त. नुसते आकडे वाचून दाखवले तर फर्निचर होत नाही. आम्ही गेलो त्या दिवशी एका छोट्या टेबलाचं काम चाललं होतं. पाय पावणेदोन इंच चौरस. पायांना जोडणारी आडपट्टी पाऊण इंच जाडीची, पायाच्या बाहेरच्या अंगापासून पाव इंच आत बसवलेली. पट्टीच्या टोकाला मधोमध 3/8 इंच जाडीचं, एक इंच लांबीचं कुसू, म्हणजे पायातल्या खाचेत शिरणारी जीभ. छापलेलं एवढंच. पायात खाच कुठे घ्यायची हे कुठेही छापलेलं नाही, ते चित्रात दिसतं.

स्वयंसेवक इथे थांबतात आणि हिशोब करतात. पाऊण इंचातून 3/8 वजा केले की उरले 3/8, म्हणजे कुसवाच्या दोन्ही बाजूंना 3/16 चे खांदे. पाव इंच अधिक 3/16 म्हणजे 7/16. पायाच्या बाहेरच्या अंगापासून 7/16 वर खाच सुरू होते आणि 13/16 वर संपते. हे दोन आकडे ते ध्वनिमुद्रणात घालतात, पण आधी स्पष्ट सांगतात: ‘हे छापलेलं नाही, मी काढलेलं आहे.’ ऐकणाऱ्याला पडताळून बघता यावं म्हणून. हा प्रामाणिकपणा आम्हाला फार मोलाचा वाटला.

गोष्ट एवढ्यावर संपत नाही. पायाला दोन पट्ट्या दोन शेजारच्या अंगांनी येऊन मिळतात. पायाच्या आतल्या अंगापासून मोजलं तर शेजारची खाच 15/16 वर लागते. कुसू एक इंचाचं आहे. म्हणजे दोन्ही कुसवं आत 1/16 इंचाने एकमेकांवर येतात. पहिली पट्टी छान बसते. दुसरी सांध्यापाशी 1/16 ची फट ठेवून अडते. गोंद लावलेला असतो, आणि हा गोंद सुटा राहतो तो पाच-दहा मिनिटं. मग माणूस क्लॅम्प आणखी आवळतो आणि पाय फुटतो. छापील चित्रात कुसवांची टोकं 45 अंशांत कापलेली दाखवली होती, तीही एका कोपऱ्यात, कुठलीही टीप न देता. डोळस माणसाचंही तिकडे लक्ष जाईलच असं नाही. स्वयंसेवकांनी ती एक ओळ वेगळी पायरी म्हणून वाचली, आणि पर्यायही दिला: टोकं तिरपी कापायची नसतील तर दोन्ही कुसवं 7/8 ची करा, ताकदीत फारसा फरक पडत नाही.

हे त्यांना कळतं कसं? वाचण्याआधी ते तो सांधा पाइनच्या टाकाऊ तुकड्यात स्वतः करून बघतात. सगळं टेबल नाही, फक्त सांधा. नंतर डोळे मिटून तो हातात फिरवतात आणि हाताला जे ज्या क्रमाने लागतं त्या क्रमाने मजकूर लिहून काढतात. माइकसमोर बसतात ते त्यानंतर.

मजकुराला त्यांची शिस्त आहे. आधी अख्ख्या वस्तूची उंची, रुंदी, खोली. मग भाग किती. मग प्रत्येक भाग, नेहमी जाडी, रुंदी, लांबी याच क्रमाने. संख्या सांगताना ‘नग’ आणि माप सांगताना ‘इंच’ हा शब्द दर वेळी, कितीही कंटाळवाणा झाला तरी. नाहीतर ‘एक, तीन सोळांश’ म्हणजे 3/16 चा एक तुकडा की 1 पूर्णांक 3/16, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि फळी वाया जाते. ‘डावीकडे’ म्हणण्याआधी माणूस कुठे उभा आहे ते सांगायचं. ‘इथे’, ‘असं’, ‘चित्रात दाखवल्याप्रमाणे’ हे शब्द बाद. फोटो असेल तर तीन गोष्टी: हात कुठे आहेत, धार कुठे आहे, लाकडाचं कुठलं अंग खाली आहे. आणि प्रत्येक पायरीची वेगळी फाइल. गोंदाने बरबटलेल्या हातांनी कुणी वीस मिनिटांच्या ध्वनिमुद्रणात मागेपुढे शोधत बसू शकत नाही.

चुकतं कुठे, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. नवे स्वयंसेवक फोटोखालच्या ओळी मजकुराच्या मध्येच वाचतात, त्यामुळे पायरी तुटते. काही जण भाव आणून वाचतात. त्याने आकडे गिळले जातात. सर्वांत घातक म्हणजे सुरक्षेची सूचना पायरीनंतर येणं. मासिकात ती बाजूच्या चौकटीत असते, म्हणून वाचणारा शेवटी वाचतो. तोवर ऐकणाऱ्याने कापून टाकलेलं असतं. हे गृहस्थ ती चौकट आधी वाचतात.

यंत्राशेजारी या दोघांचं वागणंही बघण्यासारखं आहे. टेबल सॉचं, म्हणजे टेबलातून पातं वर आलेल्या विजेच्या करवतीचं, माप घ्यायचं तेव्हा सुतारमित्र आधी प्लग काढतात आणि तो टेबलावर स्वतःच्या हातासमोर ठेवतात, म्हणजे मोजताना तो बोटांना लागत राहतो. मग दांडी फेन्सपासून दातापर्यंत लावायची, आणि दात निवडायचा तो फेन्सकडे झुकलेला. पात्याच्या पत्र्याला लावली तर माप चुकतं, कारण दात दोन्ही बाजूंनी पत्र्याच्या थोडे बाहेर असतात. काप 1/8 चा आणि पत्रा 3/32 चा असला तर प्रत्येक बाजूला 1/64. खाचेत कुसू सैल होण्याइतकं ते पुरेसं आहे. पात्यावरचा गार्ड, कापलेली फळी पात्यावर मिटू न देणारी मागची पाचर, ढकलकाठी या तिन्हींशिवाय यंत्र सुरू होत नाही. कानात बोळे हलके घालतात, कारण पातं अडखळतंय की नीट चाललंय हे आवाजावरूनच कळतं.

या सगळ्या वेळात स्वयंसेवक ठरलेल्या जागी उभे. यंत्र चालू असताना अवाक्षर नाही. फळीला हात नाही. आत येताना आणि जाताना नाव सांगून. एखादं हत्यार उचललं तर त्याच खाचेत परत. मदत करणाऱ्याला सर्वांत कठीण जातं ते हे न करणं: फळी थोडी वाकडी दिसली की हात आपोआप पुढे येतो. बाहेरून धक्का लागला की सुतारमित्रांचा फेन्सवरचा दाब बदलतो, फळी पात्याच्या मागच्या दातांवर चढते आणि उलटी फेकली जाते.

डोळे लागतात तिथे मात्र ते मागितले जातात आणि स्वयंसेवक ते देतात. फळ्यांचे रंग जुळवणं हे एक. अक्रोड आणि चेरी वासाने ओळखू येतात, पण एकाच टेबलाला चेरीच्या चार फळ्या सारख्या छटेच्या हव्यात हे नाकाला कळत नाही. दुसरं म्हणजे सांध्याबाहेर आलेला गोंद. सुकलेला गोंद बोटाला लाकडापेक्षा गुळगुळीत लागतो, त्यामुळे बराचसा सुतारमित्रच शोधून खरवडतात. उरलेला पातळ थर तेल लावल्यावर फिकट डागासारखा उठून दिसतो, म्हणून तेलाआधी स्वयंसेवक दिवा आडवा धरून एकदा बघतात आणि जागा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे सांगतात: मधल्या बिंदूपासून चार वाजता, दोन इंचांवर. तेलाच्या चिंध्या ओल्या करून, उलगडून बाहेर वाळत घालतात. बोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात.

या माणसाचे आभार कसे मानायचे, हे आम्हाला तिथे नीटसं सुचलं नाही, म्हणून इथे लिहितो. एका सांध्याच्या काही मिनिटांच्या ध्वनिमुद्रणामागे त्यांची अख्खी सकाळ जाते. त्यासाठी पैसा घेत नाहीत, आणि बनलेल्या टेबलावर त्यांचं नाव येत नाही. ते टेबल सुतारमित्राचं आहे, पूर्णपणे त्यांचंच, आणि ते तसं राहावं म्हणून हे गृहस्थ एवढे कष्ट घेतात. सर, तुमचे मनापासून आभार.

मराठीत हे करायला कायद्याची आडकाठी नाही. भारतात 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीने अपंग व्यक्तींसाठी सुगम प्रत, म्हणजे त्यांना वाचता-ऐकता येईल अशी प्रत, करायची मोकळीक दिली, आणि अशा प्रतींसाठी असलेला माराकेश करार मान्य करणारा भारत 2014 मध्ये जगातला पहिला देश ठरला. 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे. आयटीआयच्या सुतारकामाच्या पुस्तकापासून सुरुवात करता येईल. हत्यारांचं प्रकरण आधी घ्या, त्यात ड्रॉइंगं सोपी असतात, आणि ध्वनिमुद्रणाआधी एखाद्या अंध वाचकाला प्रत्यक्ष वाचून दाखवा. ते जिथे प्रश्न विचारतील तिथे तुमचं वाक्य अपुरं आहे.

मोजायची दांडी आपल्याकडे आणखी सोपी पडते. हार्डवेअरच्या दुकानात एम-6 ची, म्हणजे 6 मिलिमीटर जाडीची, आट्यांची दांडी मागा. तिच्या एका फेऱ्याला नट बरोबर 1 मिलिमीटर सरकतो. 30 सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नका, वाकते. दोन्ही टोकं कानशीने सपाट आणि काटकोनात करा, दर सेंटिमीटरला कानशीने उथळ खाच द्या, लांबट नट बसवा आणि नटाच्या सहापैकी एका बाजूवर ठळक ओरखडा काढा, म्हणजे फेरा कुठे पुरा झाला ते बोटाला कळतं. नट सैल वाटला तर त्याच्यामागे दुसरा आवळा. एम-8 किंवा एम-10 घेऊ नका. त्यांचे आटे सव्वा आणि दीड मिलिमीटरचे असतात आणि फेऱ्यांचा हिशोब डोक्यात ठेवणं जड जातं.