मंडळीचे ४० हजार आणि आमचा चेंज रिपोर्ट

आमची संस्था म्हणजे काही फार मोठं नाही, अंबडकडच्या दोन गावांत म्हाताऱ्या माणसांना दुपारचं जेवण द्यायचं एवढंच. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, पोरगा-सून कोयता घेऊन कारखान्याला अन् घरी म्हातारा-म्हातारी. कोरोनात जे चार-दोन व्यापारी पैसे द्यायचे त्यांचीच दुकानं बसली, २०२१ च्या दिवाळीला आमच्याकडं पंधरा दिवस पुरंल इतकंच धान्य होतं.

जालन्यातला एक मित्र मंडळीतला, म्हणजे चर्चमधला. म्हणला अर्ज कर, यंदा कमिटी बाहेरच्या संस्थांनाबी देणारे. खरं सांगतो, मला वाटलं विलायतेचा पैसा असंल. मिशनचा दवाखाना, रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ वसवलेलं ख्रिस्ती लोकांचं गाव बेथेल, हे लहानपणापासून ऐकलेलं ना. तर तसं नव्हतंच. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेनं दुसरीला द्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० पासून बंदीये. हा पैसा मंडळीचाच, रविवारच्या दानार्पणातला अन् हंगामाच्या सणातला. त्या दिवशी लोक शेतातलं-परसातलं आणून वाहतात आणि उपासना झाली की त्याचाच लिलाव, कोंबडीपासून कारल्यापर्यंत.

अर्ज दोन पानी, पण सोबत धर्मादाय आयुक्तांकडचं रजिस्ट्रेशन, शेड्यूल वनचा उतारा (त्यांच्या दप्तरातली संस्थेची नोंद, विश्वस्तांच्या नावांसकट), पॅन, तीन वर्षांचं ऑडिट, ठराव. इथंच गाडी रुतली. आमचे कोषाध्यक्ष दुसऱ्या लाटेत गेले अन् उताऱ्यावर अजून त्यांचंच नाव, चेंज रिपोर्ट, म्हणजे माणूस बदलल्याची धर्मादायला द्यायची खबर, ९० दिवसांत टाकायचा असतो तो आम्ही टाकलाच नव्हता, म्हणजे चूक आमचीच, दुःखात कुणाच्या ध्यानात राहतंय. मंग उशीर माफीच्या अर्जासकट टाकला. मंजुरीला किती महिने लागतात ते ज्यानं केलंय त्यालाच माहीत. मला वाटलं संपलं. पण चर्चचे पाळकसाहेब म्हणले, रिपोर्ट टाकल्याची पोच जोडा, पैसे तुमच्या खात्यात नको, चेक थेट किराणा दुकानाच्या नावानं काढू.

त्याआधी कमिटीतले दोघं न सांगता आले. एक रिटायर शिक्षिका, पंगतीतच बसल्या, जेवल्या, आणि विचारलं काय तर पिठलं रोजच का, डाळ कुठंय, जो उठू शकत नाही त्याचा डबा कोण नेतं. गावात लगेच कुजबुज, हे काहून आले म्हणून. मीपण धीर करून विचारलंच, मॅडम, इथं प्रार्थना वगैरे घ्यायची का? त्या म्हणल्या, ती आम्ही घरी करतो, तुम्ही हिशोब नीट ठेवा.

मागितले ८०, मिळाले ४० हजार, तेबी दोन हप्त्यांत. पहिल्याची बिलं दिल्यावर दुसरा. गॅसचं एक बिल शेजाऱ्याच्या नावावर होतं, ते परत आलं. राग आला होता तेव्हा, आता नाही. आठवड्यातून चार दिवस डाळ मात्र सुरू झाली.

पुढच्या हंगामाला मित्रानं लिलावाला नेलं. एका भोपळ्यावर मी सहज ५० म्हणलो, मागून त्याच मॅडमनी १०० केले, मलाबी चेव चढला, ३५० ला माझ्या गळ्यात पडला. एसटीत मांडीवर घेऊन आलो, दुसऱ्या दिवशी पंगतीत त्याचीच भाजी.