पाव टनाची कील आणि एक इंचाची पिन

जुनी शिडाची बोट विकायला काढली की मालक पहिल्यांदा बोटीच्या बाहेरच्या अंगाला, म्हणजे हलला, पॉलिश मारतो. या बोटीचंही तेच झालं होतं. निळा पट्टा आरशासारखा, गाद्या नव्या, शीड धुऊन घडी घातलेलं. चेसापीक उपसागराच्या काठावर, मेरीलँडमध्ये, अशा बोटी तपासायचं आणि दुरुस्त करायचं काम मी करतो. ही ज्यांना घ्यायची होती ते जोडपं पुण्याचं, आणि त्यांची ही पहिलीच बोट. "दादा, इतकी चांगली दिसतेय, तर तपासणी लागेलच का?" असं फोनवर विचारून झालं होतं. मी एवढंच सांगितलं की ट्रेलरवर उभ्या बोटीची तपासणी करणार नाही, क्रेनचे पट्टे लावून उचलायची तयारी असेल तरच येतो.

बोट कॅटालिना २२. अमेरिकेत ट्रेलरवरून नेता येणाऱ्या शिडाच्या बोटींमध्ये हिच्याइतकी ओळखीची बोट क्वचितच सापडेल. डिझाइन फ्रँक बटलर यांचं. १९७० च्या सुमारास बांधणी सुरू झाली आणि पुढे पंधरा हजारांवर बोटी निघाल्या. लांबी साडेसहा मीटर, वजन साधारण एक टन. त्यातला पाव टन, म्हणजे ५५० पौंड, एकट्या ओतीव लोखंडाच्या कीलचा, म्हणजे तळाखालच्या वजनदार पात्याचा. कील पुढच्या टोकाला एक इंच जाडीच्या आडव्या पिनेवर लटकते. मागच्या कडेला वायर रोप बांधलेला असतो, तो केबिनच्या पायरीखालच्या विंचवर, म्हणजे छोट्या रहाटावर, गुंडाळला की कील वर येते. कील पूर्ण खाली सोडली की दीड मीटर पाणी लागतं, वर घेतली की अर्ध्या मीटरच्या आसपास. चेसापीकची सरासरी खोली साडेसहा मीटरच्या घरात आहे आणि काठाच्या खाड्या तर कमरेएवढ्या पाण्याच्या. म्हणून इथे अशा बोटींना गिऱ्हाईक कायम असतं.

आधी बोटीचा ओळख क्रमांक पाहिला. ट्रान्समवर, म्हणजे बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर, उजव्या वरच्या कोपऱ्यात तो कोरलेला असतो. सुरुवातीची सीटीवाय ही अक्षरं कॅटालिनाची. शेवट होता एम७९सी. या जुन्या पद्धतीत मॉडेल वर्ष ऑगस्टपासून मोजतात. ए म्हणजे ऑगस्ट, सी म्हणजे ऑक्टोबर. म्हणजे मॉडेल १९७९चं, बांधणी ऑक्टोबर १९७८ची. जाहिरातीत वय चार वर्षांनी कमी केलेलं होतं. एवढ्यावरून बोट वाईट ठरत नाही, पण पुढचं प्रत्येक वाक्य पडताळून घ्यायचं हे ठरतं.

हल भरीव फायबरग्लासचा, हाताने थर चढवलेला, आणि या बोटींमध्ये तो सहसा दगा देत नाही. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकत गेलो तर सगळीकडे टणक, कोरडा आवाज. वॉटरलाइनखाली, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या भागावर, मसुराएवढे थोडे फोड होते, दिसायला वाईट पण बिनधोक. डेकची गोष्ट वेगळी. डेकमध्ये दोन फायबरच्या थरांमध्ये प्लायवूड असतं आणि स्क्रूच्या भोकांतून पाणी झिरपत राहिलं की ते आतल्या आत कुजतं. डोलकाठीच्या पायापासून पुढच्या झाकणापर्यंत हातोडीचा आवाज बसका होत गेला. तिथे पाय दिला की डेक किंचित दबायचा. खडूने हद्द आखली, साधारण चाळीस बाय साठ सेंटिमीटर. कठड्याच्या दोन खांबांच्या तळाशीही तेच.

मग केबिनमध्ये, पायरी काढून. कीलचा वायर तळातून वर येतो ती जागा फायबरच्या उंचवट्याची आहे, कॅटालिनावाले तिला व्होल्केनो म्हणतात. त्यावर रबरी होज चढवून क्लॅम्पने आवळलेला असतो आणि वायर त्यातून विंचकडे जातो. हे भोक थेट पाण्यात उघडतं. होज चिरला किंवा क्लॅम्प तुटला तर बोट धक्क्याला बांधलेल्या अवस्थेतही भरू शकते. इथला होज बोटाने दाबला तर करकरला, पृष्ठभागावर बारीक भेगांचं जाळं. क्लॅम्प प्रत्येक टोकाला एकेकच, आणि एकाचा पट्टा स्क्रूजवळ गंजून अर्धा उरलेला. वायरवरून सुती फडका फिरवला. तो तीन ठिकाणी अडकला, म्हणजे तेवढ्या तारा तुटून बाहेर आलेल्या. हात फिरवून ही तपासणी कधीच करू नये. गंमत म्हणजे विंच मात्र कोरी होती. दिसणारी वस्तू बदलायची आणि न दिसणारी ठेवायची, ही जुन्या बोटींची नेहमीची तऱ्हा.

आता उचलायची वेळ. ट्रेलरवर असताना कील मधल्या फळीवर टेकलेली असते. वायर सैल, पिनेवर वजन नाही, आणि पिवट, म्हणजे कील फिरते तो सांधा, तळाच्या खोबणीत लपलेला. म्हणून ट्रेलरवरची तपासणी या बाबतीत शून्य किमतीची. पट्टे लावून बोट वर घेतली. कीलखाली जॅक आणि लाकडी ठोकळे आधी रचले, कारण तुटक्या तारांच्या वायरवर पाव टन वजन लटकत असताना त्याखाली कुणी जायचं नसतं. खोबणीत बोटं घालायची तर नाहीतच. जॅकने कील हातभर खाली आणली, टोक धरलं आणि आडवं हलवलं.

टोक पाच सेंटिमीटर सरकलं. खण्ण असा आवाज सगळ्या हलमध्ये घुमला. विक्रेता म्हणाला, या बोटींमध्ये थोडं हलतंच. थोडं हलतं हे खरं, एक-दीड सेंटिमीटरपर्यंत मी बोलत नाही. पण कील दीड मीटर लांब आहे, त्यामुळे पिनेजवळची दोन-तीन मिलिमीटरची झीज टोकाशी अशी मोठी होऊन दिसते. झीज होते ती बहुतेक चालत्या बोटीत नाही, नांगरलेल्या बोटीत. वाऱ्यावर चालताना कील एका बाजूला दाबून बसते. नांगरावर किंवा बॉयाला बांधलेली बोट डुलत राहते आणि कील दिवसरात्र उजवी-डावी ठोके देत राहते. एकेका ऋतूत असे लाखो ठोके पिनेला, भोकाला आणि पिन धरणाऱ्या हँगरला बसतात.

माझ्या अहवालात किंमत निम्म्यावर आणा किंवा सोडून द्या असं होतं. किंमत निम्म्याहून थोडी खाली आली आणि बोट आमच्या यार्डात आली.

कील काढणं ऐकायला अवघड, पण क्रम पाळला तर सोपं. हँगर दोन, दोन्ही बाजूंना एकेक, आणि ते खालून चार बोल्टनी तळाला धरलेले. कील जाड फळ्यांच्या ढकलगाडीवर पट्ट्यांनी आवळून उभी ठेवली, वायर सोडवला, बोल्ट काढले आणि कील जागेवरच ठेवून बोट वर उचलली. तीन बोल्ट झगडून निघाले. चौथा नुसता फिरत राहिला, निघेना. वरच्या धातूतले आटे गेलेले. तो बोल्ट पाचर लावून ओढत फिरवून काढावा लागला.

पिन बाहेर आली ती मधोमध कमरेला बारीक. मूळ २५.४ मिलिमीटर, उरलेली २२.८. कीलचं भोक लंबगोल, मोठा व्यास २८.५. पिन पितळी जातीची, लोखंडापेक्षा मऊ, म्हणून तीच आधी झिजते. झिजायचीच असते ती. मधूनमधून काढून पाहिली असती तर भोक वाचलं असतं.

कीलवर ग्राइंडर फिरवला आणि रंगाखालून कारच्या बॉडीवर लावतात तसलं पॉलिएस्टर फिलर निघालं, ठिकठिकाणी बोटभर जाड. ते पाणी शोषतं. त्याखाली लोखंडाचे पापुद्रे सुटलेले, तीन-चार मिलिमीटरचे, आणि त्यांच्यामागे ओली काळी भुकटी. गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते, त्यामुळे वरचा रंग फुगतो आणि कील खोबणीत घासायला लागते. अशी कील घासून रंगवणं वाया जातं. सॅंडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने खरवडायला, पाठवली.

ब्लास्ट केलेलं ओतीव लोखंड दमट हवेत काही तासांत तांबूस होतं. म्हणून ते उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी सकाळी ब्लास्ट केलं आणि दुपारच्या आत एपॉक्सीचा पहिला हात तारेच्या ब्रशने घासत चढवला. पृष्ठभागाचं तापमान दवबिंदूच्या किमान तीन अंश वर हवं, नाहीतर न दिसणारा ओलावा थराखाली कायमचा कोंडला जातो. खड्डे एपॉक्सी आणि मायक्रोबलूनने, म्हणजे पोकळ गोळ्यांच्या हलक्या भुकटीने, भरले. त्यावर बॅरियर कोटचे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या एपॉक्सीचे, पाच हात, एकूण जाडी पाव मिलिमीटरच्या वर. इथे हौशी लोक एक घोळ हमखास घालतात. कील गुळगुळीत करण्याच्या नादात फिलर वाढत जातं आणि शेवटी ती खोबणीत शिरत नाही. मी खोबणीची रुंदी तीन ठिकाणी मोजून त्याचं लाकडी माप बनवलं आणि प्रत्येक हातानंतर ते कीलवरून सरकवून पाहिलं. शिंपले-शेवाळ धरू नये म्हणून लावतात तो तांब्याचा अँटिफाउलिंग रंग उघड्या लोखंडावर कधीच लावायचा नाही. मध्ये बॅरियर नसेल तर तांबं लोखंडाला खातं.

भोक सव्वा इंचापर्यंत गोल मोठं केलं. हाताच्या ड्रिलने नाही. चुंबकी तळाच्या ड्रिलने, कील सपाट टेकवून, गुण्याने काटकोन पाहून. भोक एक अंश तिरपं गेलं तर टोक अडीच सेंटिमीटर बाजूला जातं. त्यात स्टेनलेसची बाही, म्हणजे पोकळ नळी, घट्ट एपॉक्सीत बसवली. त्या एपॉक्सीच्या थरामुळे स्टेनलेस आणि लोखंड एकमेकांना टेकत नाहीत, आणि खाऱ्या पाण्यात दोन धातूंचं वैर तेवढं टळतं. पिन नवी, ३१६ स्टेनलेसची. हँगरची भोकंही झिजली होती, ते नवेच घेतले. कील आणि हँगरच्या मधल्या फटीत दोन्हीकडे प्लास्टिकच्या चकत्या घालून एकूण हालचाल दीड मिलिमीटरवर आणली. त्याहून घट्ट केली तर शिंपले-बार्नेकल धरल्यावर कील खाली पडतच नाही. गेलेल्या आट्यांत हेलिकॉइल, म्हणजे नवे आटे देणारं तारेचं वेटोळं, बसवून चारही बोल्ट नवे घातले.

वायर पाच मिलिमीटरचा, स्टेनलेस. कीलवरचा आयबोल्टही बदलला, कारण तो वायरपेक्षा आधी तुटलेला मी अनेकदा पाहिला आहे. वायर तुटला तर पाव टन लोखंड झोक्यासारखं खाली येऊन खोबणीच्या पुढच्या टोकावर आदळतं आणि तळ फाडू शकतं. होज नवा, प्रत्येक टोकाला दोन क्लॅम्प, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध दिशेला.

डेकचं काम वेळखाऊ, पण त्यात नवल काही नव्हतं. खडूच्या रेषेबाहेर पाच सेंटिमीटरवर वरचा थर कापून पत्र्यासारखा उचलला, कुजकं प्लायवूड उलथण्याने काढलं, हीटर लावून वाळवलं, मरीन प्लायवूडचे तुकडे दाट एपॉक्सीत बसवले आणि जुना थर पुन्हा चिकटवून सांध्यावर कापड चढवलं. महत्त्वाची होती ती भोकं. प्रत्येक भोक मोठं करून एपॉक्सीने भरायचं आणि त्यातच नव्याने पाडायचं, म्हणजे पुढे गळालं तरी पाणी लाकडाला लागत नाही. फिटिंगखाली सिलिकॉन नाही, ब्यूटिल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी.

खोबणीच्या बाजूला कील आवळून धरायचा एक बोल्ट असतो. नव्या मालकांचा प्रश्न त्यावरच होता. माझं मत असं की मोकळ्या पाण्यात, वारा वाढला असेल तेव्हा, हलक्या हाताने आवळावा, म्हणजे बोट फार कलंडली तर कील मागे मिटत नाही. उथळ खाडीत सोडून ठेवावा, कारण चिखलात टेकल्यावर कीलला वर सरकायला वाट हवी. पान्याने जोर लावून तर कधीच आवळू नये, खोबणीच्या भिंतीला तडा जातो.

पाण्यात सोडल्यावर पट्टे तसेच ठेवून अर्धा तास व्होल्केनोभोवती कोरडा टिश्यू कागद गुंडाळून ठेवला. कोरडाच निघाला. कील तळाला गेल्यावर विंच आणखी सोडत राहायचं नाही, वायरला नुसता ताण राहील इतपतच. बोट पाच नॉटच्या आसपास गेली की हाच वायर पाण्यात गुणगुणायला लागतो, आणि मालकाने घाबरून फोन केला तो त्याचाच. डोलकाठीला धरणाऱ्या तारा त्या हंगामात बदलल्या नाहीत. टोकांच्या स्वेजमध्ये, म्हणजे तारेवर दाबून बसवलेल्या नळ्यांमध्ये, भिंगाखाली तडे नव्हते आणि पैसे संपले होते. पुढच्या हिवाळ्यात बोट उचलली की आधी तारा, आणि त्याच वेळी पिन काढून मापायची.