आमची वाटचाल : डोंग्यापासून शिडाच्या बोटीपर्यंत

आमचे वडील जातीवंत वाढई, म्हणजे सुतार. भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या पंचक्रोशीत ढिवर (मच्छीमार) मंडळींना डोंगा, म्हणजे लाकडी होडी, लागला की पाय आमच्याच अंगणाकडे वळायचे. सागाची फळी, सांध्यात कापूस-सुतळी, वरून डांबर. 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते वैनगंगेवरच्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी झाली. पुढे पाणी अडलं, जलाशय पसरला आणि त्यावर फायबरच्या बोटी दिसू लागल्या. नागपूरजवळ हिंगण्याच्या एमआयडीसीत फायबरच्या टाक्यांवर काम शिकून मी गावी परतलो आणि वडिलांच्या शेडमध्येच फायबर बोटींचा स्वतःचा साचा मांडला. त्यानंतरची वर्षं मच्छीमार संस्थांच्या बोटी, मामा (माजी मालगुजारी) तलावांतल्या लहान होड्या, कुलरच्या टाक्या अशी सुरळीत गेली. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही.

सांगायचं आहे ते 2020 च्या ऑगस्टअखेरचं. वर मध्य प्रदेशात संजय सरोवराचं पाणी सोडलं, वैनगंगा फुगली, गोसीखुर्दचे 33 दरवाजे उघडावे लागले. आम्ही धरणाच्या खालच्या अंगाला. साचा वाहून गेला, रेझिनचे ड्रम गेले, कंप्रेसरमध्ये गाळ भरला. वडिलांचा वाकस (लाकूड तासायचं हत्यार) आणि रंधा तेवढे आढ्याला टांगलेले होते म्हणून वाचले. बँकेने नव्या कर्जाला नाही म्हटलं. धंदा बंद करून शेतीच पाहावी, असं घरात ठरतच आलं होतं.

त्याच सुमाराला शहरातल्या एका मोठ्या दुकानाने आमची गिऱ्हाइकं ओढली. त्यांनी संस्थांना आमच्याहून कमी दर दिले, तो व्यवहार झाला, त्याचं दुःख नाही. पण "खेड्यातल्या वाढयाला फायबर काय कळते जी?" असं ते आमच्या माघारी सांगत फिरले, ते मी विसरलेलो नाही.

आणि मग काकांची बोट आली. काका आमच्याच तालुक्यातले, नेव्हीतून निवृत्त झालेले. जुनी बावीस फुटी शिडाची फायबर बोट त्यांनी मुंबईहून ट्रेलरवर आणली होती, गोसीखुर्दच्या पाण्यावर चालवायला. तिच्या आतली मधली पडदी, म्हणजे बल्कहेड, जागची हलली होती. ते आधी त्या शहरातल्या दुकानाकडेच गेले होते. दुकानवाल्यांनी हातोड्याने पडदी ठोकून बसवली, लोखंडी अँगल लावून स्क्रू मारले, फटीत पुट्टी भरली आणि वरून रंग दिला. एका हंगामात सगळं उकललं. पैसे परत मागितले, तर "बोटच भंगार आहे" असं उत्तर मिळालं. काका आमच्या गाळाने भरलेल्या शेडमध्ये आले, सगळं पाहिलं आणि निम्मी रक्कम आगाऊ हातावर ठेवून म्हणाले, "बाबू, तू कर. घाई करू नको." त्या पैशातून नवा ग्राइंडर आला आणि शेडचं शटर पुन्हा वर गेलं.

या लाईनमध्ये नवीन आलेल्या पोरांसाठी काम जरा खोलात सांगतो. अशा बोटीत डोलकाठी डेकवर उभी असते आणि तिचा भार बरोबर खालच्या पडदीवर येतो. डोलकाठीला धरून ठेवणाऱ्या तारा ताणल्या की तो भार आणखी वाढतो. काका टर्नबकल (तारा ताणायचे पेच) आवळायचे, चार दिवसांत तारा पुन्हा सैल. बोटीतल्या संडासाचं दार चौकटीत अडकायचं. डोलकाठीच्या बुडाशी डेकवर सरळपट्टी ठेवली तर पट्टीखाली हाताचं बोट शिरत होतं. लहान हातोडीने पडदीवर टकटक केली, वर खणखणीत आवाज आणि खाली, बोटीच्या पोटात पाणी साचतं तिथे, बद्द. तारा बांधायच्या पट्ट्या डेकमधून जातात, तिथूनही पाणी झिरपून प्लाय कुजला होता. पडदीला बोटीशी जोडणारी फायबरची पट्टी नखाने ओढली तर कांद्याच्या सालीसारखी निघाली. त्यात ट्रेलरचे ठोकळे भलत्या जागी होते, त्यांनी बाजूने बोटीचं अंग आत दाबलं होतं. मग स्क्रू मारून काय होणार? ज्या कारणाने पडदी हलली ते कारण तसंच राहिलं, तर ती पुन्हा हलणारच.

आम्ही तिपाई आणि चेनपुलीने डोलकाठी उतरवली. बोटीचा भार कण्यावर, म्हणजे तळाच्या मधल्या आधारावर, घेतला आणि बाजूचे ठोकळे पडदीच्या रेषेत सरकवले. मग आतून डेकखाली सागाची जाड फळी आडवी लावून बॉटल जॅक उभा केला. जॅकचं बूड नुसत्या फायबरवर कधीही ठेवू नका, बोटीच्या कण्यावर रुंद फळी टाकून त्यावर ठेवा, नाहीतर वरचं सरळ करता करता खालचं फोडाल. दांडा थोडाच मारायचा आणि रात्रभर सोडायचं. इतकी वर्षं वाकलेलं डेक एका दुपारी सरळ करायला गेलात तर तडा जातो. लेव्हल पाण्याच्या नळीने घेतली, कर्ण दोन्ही बाजूंनी मोजले. इथे नुसत्या ओळंब्यावर विसंबू नका. बोट स्वतः तिरकी उभी असेल तर तो खोटं सांगतो. आधी बोट तिच्या पाणरेषेवर सपाट करा.

कुजलेला भाग चांगल्या लाकडापर्यंत कापून काढला. नवा प्लाय आयएस 710 चा (पाण्यात टिकणाऱ्या मरीन प्लायचं भारतीय मानक), तोही छापावर विश्वास ठेवून घेतला नाही. त्या मानकात 72 तास उकळण्याची चाचणी आहे. आम्ही तुकडा चुलीवर उकळत ठेवला, थर सुटले नाहीत तेव्हाच माल उचलला. कापलेल्या कडांना इपॉक्सी (हार्डनर कालवून घट्ट होणारं रेझिन) पाजलं. प्लायची कड बोटीच्या अंगाला थेट टेकवली नाही, मध्ये फोमची पट्टी ठेवली, कारण टणक कड टेकली की बाहेरून तिथेच उंचवटा दिसतो आणि पुढे चीर पडते. जुनं रेझिन 40 नंबरच्या पॉलिश कागदाने खरवडून, धूळ काढून, ॲसिटोनने पुसून घेतलं. कोपऱ्यात सिलिका मिसळलेल्या इपॉक्सीची गोलाई दिली, पीव्हीसी पाइपच्या तुकड्याने ओढून. त्यावर शिवलेल्या तिरप्या काचधाग्याच्या कापडाच्या पट्ट्या, प्रत्येक वरची खालचीपेक्षा रुंद, पडदीच्या दोन्ही अंगांनी. चटई मॅट (काचधाग्याचे तुकडे चिकटवलेली) इथे नको, तिच्यातला बांधणारा पदार्थ पॉलिस्टर रेझिनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत नाही.

आमच्याकडचा उन्हाळा तर माहीतच आहे. मे महिन्यात इपॉक्सी डब्यात कालवून ठेवलं तर धूर काढतं. पहाटे काम करा, थोडंथोडं कालवा आणि लगेच पसरट भांड्यात ओता. पावसाळ्यात सुकलेल्या इपॉक्सीवर मेणचट थर येतो, तो पाण्याने घासून धुतल्याशिवाय पुढचा थर चढवू नका. आणि पॉलिस्टरवाल्यांना हात जोडून सांगतो, कोबाल्ट (रेझिन लवकर घट्ट करणारं रसायन) आणि हार्डनर एकमेकांत थेट कधी ओतू नका, स्फोट होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण मिसळा, मगच हार्डनर.

जॅक काढला त्या दिवशी काकांनी सरळपट्टी स्वतः डेकवर ठेवली. खाली कागदसुद्धा शिरला नाही. डोलकाठी चढली, तारा ताणल्या, संडासाचं दार एका बोटाने बंद झालं. त्या हंगामापासून काका ती बोट जलाशयावर चालवतात, आणि दर पावसाळ्याआधी आमच्याकडे तपासणीला आणतात. त्यांच्या शब्दावर बाहेरगावची कामंही आली. संस्थांपैकी बऱ्याच परत आल्या.

पुढे त्या शहरी दुकानाचं पत्रक माझ्या हाती पडलं. त्यावर फोटो काकांच्या बोटीचा, आतल्या पडदीचा, आमच्या हातची गोलाई स्पष्ट ओळखू येते. खाली लिहिलेलं, "आमची कामे". मी फोन केला, तर उचलला नाही. काकांनी स्वतः पत्र लिहून विचारलं, त्याचंही उत्तर आलं नाही. ते पत्रक आजही शेडमध्ये वाकसाच्या शेजारी लावलेलं आहे, येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी दाखवतो.

आमच्याकडे बोट आणायची असेल तर डोलकाठी उतरवूनच आणा आणि ट्रेलरचे ठोकळे आतल्या पडदीच्या रेषेत आहेत का, ते निघण्याआधी बघा. आधी कुणी पुट्टी भरली असेल तर त्यावर नवा रंग देऊ नका, तशीच येऊ द्या. आम्हाला खालचं लाकूड बघायचं असतं.