ड्रिंबल म्हणजे काय?

ड्रिंबल म्हणजे काय, हे मला अजूनही सांगता येत नाही. पण त्याने काय केलं, कुठे केलं आणि किती जणांना केलं, हे मी झोपेतही सांगेन. १९८३-८४ च्या सातवीतल्या कुणाच्या हाती आपल्या शाळेची ही स्मरणिका पडली असेल, तर त्यांना हसू फुटलं असेलच. बाकीच्यांसाठी जरा मागून सुरुवात करते.

आम्ही पाचवीत आलो जून १९८१ मध्ये. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असे. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली, त्यामुळे आजच्या पोरांना हे खरं वाटणार नाही, पण अकराव्या वर्षापर्यंत आमच्यापैकी निम्म्यांनी ए-बी-सी-डी फक्त ट्रकच्या मागे पाहिली होती. पाचवीच्या बाईंनी चौरेघी वही आणायला लावली. मंगळवेढ्याच्या बाजारातून आण्णांनी चुकून दुरेघी आणली, आणि पहिले आठ दिवस माझ्या जी आणि वायच्या शेपट्या खालच्या ओळीतल्या अक्षरांच्या डोक्यात घुसत होत्या. चार लिप्या गिरवता गिरवता दिवाळी आली. मोठी छापील, लहान छापील, मग दोन्ही वळणदार. वळणदार मोठा क्यू मला आजही दोनसारखा काढता येतो, आणि आजतागायत त्याची एकदाही गरज पडलेली नाही.

बाई वाक्यं करून दाखवत. ‘आय अ‍ॅम गोइंग टु द डोअर’ म्हणत दाराकडे जायचं, ‘आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर’ म्हणत दार उघडायचं. ‘आय अ‍ॅम क्लोजिंग द विंडो’ हे वाक्य ज्याच्या वाट्याला येई त्याचे हाल, कारण आपल्या जुन्या इमारतीतल्या पाचवीच्या वर्गाच्या खिडकीला झडपच नव्हती. तरी तो हवेतल्या हवेत ती लावायचा आणि बाई ‘गुड’ म्हणायच्या.

स्पेलिंगं पाठ करण्याच्या आमच्या युक्त्या होत्या. ‘टुगेदर’साठी टू-गेट-हर, ‘वेन्सडे’साठी वेड-नेस-डे. आणि पुस्तकातल्या प्रत्येक ओळीवर पेन्सिलीने बारीक मराठी अक्षरांत उच्चार. प्रकट वाचनाला उभं राहिलं की आम्ही ती पेन्सिलीची मराठीच वाचत असू, धडाधड, न अडखळता. दोन वर्षं बाईंना वाटत होतं की आम्हाला इंग्रजी वाचता येतं. आम्हालाही तसंच वाटत होतं.

सातवीत सर आले. नाव लिहीत नाही. आपल्या शाळेत ‘सर’ एवढंच म्हटलं तरी कोण ते कळतं, बाकीच्यांना आपण आडनावं लावतो.

सरांनी पहिल्याच दिवशी खोडरबर काढायला लावलं आणि सगळी मराठी पुसून घेतली. तास संपला तेव्हा वर्गभर रबराचा भुगा होता आणि वाचायला उभं राहायला एकजण तयार नव्हता. पण सर परीक्षेच्या बाबतीत व्यवहारी होते. सातवीच्या वार्षिकला प्रश्नपत्रिका बाहेरून छापून येई, त्यात न पाहिलेला उतारा असे, आणि त्याचे गुण हातचे जाऊ द्यायचे नाहीत असं त्यांचं म्हणणं. म्हणून त्यांनी आम्हाला उताऱ्याचं तंत्र शिकवलं. आधी उतारा वाचायचा नाही, आधी प्रश्न वाचायचे. ‘हू’ असेल तर माणूस शोधायचा, ‘व्हेअर’ असेल तर जागा, ‘व्हेन’ असेल तर वेळ, ‘हाऊ मेनी’ असेल तर आकडा. प्रश्नातला मोठा शब्द उताऱ्यात कुठे आहे तिथे बोट ठेवायचं आणि ती ओळ उतरवायची. ‘डिड’ असेल तर उत्तरात क्रियापदाला ईडी लावायला विसरायचं नाही. महिन्याभरात आम्ही तरबेज झालो. पहिल्या घटक चाचणीत उताऱ्याला पाचपैकी चारच्या खाली कुणी नव्हतं. जो एक गुण गेला तो सगळ्यांचाच गेला, आणि एकाच प्रश्नाला गेला. तो ‘व्हाय’चा होता.

सरांना ते खटकलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळ्यावर नवा उतारा लिहिला. तीनच ओळी. ‘अ ड्रिंबल लिव्हड इन अ मॉरट. वन स्निली मॉर्निंग द ड्रिंबल प्लिंक्ड टू फोझेस. द फोझेस वेअर व्हेरी ग्रुफ.’ खाली पाच प्रश्न. व्हेअर डिड द ड्रिंबल लिव्ह? हाऊ मेनी फोझेस डिड द ड्रिंबल प्लिंक? असे.

आम्ही माना खाली घालून लिहायला लागलो. ‘द ड्रिंबल लिव्हड इन अ मॉरट.’ ‘द ड्रिंबल प्लिंक्ड टू फोझेस.’ ईडी सगळ्यांनी लावलं. सरांनी वह्या तिथेच तपासल्या आणि पाचपैकी पाच, पाचपैकी पाच असे गुण देत बाकांमधून फिरले. अख्ख्या वर्गाला पैकीच्या पैकी. आमच्या छात्या फुगलेल्या. मग फळ्याजवळ जाऊन म्हणाले, “आता मला सांगा, ड्रिंबल म्हणजे काय?”

कुणीच बोलेना. शेवटी मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, “सर, उंदरासारखं कायतरी आसंल.”

“आणि प्लिंकलं म्हणजे?”

“खाल्लं आसंल, न्हाईतर चावलं.”

“शोधा डिक्शनरीत.”

शाळेत डिक्शनरी एकच, ऑफिसच्या कपाटात, किल्ली शिपाईकाकांकडे. मॉनिटर जाऊन ती दोन्ही हातांनी धरून घेऊन आला. डीचं पान उघडलं, डीआर उघडलं. ड्रिंबल नव्हता. पीएलमध्ये प्लिंक सापडेना. तेव्हा सर हसले. एकही खरं नाम त्या उताऱ्यात नव्हतं, सकाळ सोडली तर. ते सगळे शब्द त्यांनी आदल्या रात्री घरी बसून बनवले होते.

“काहीही न कळता तुम्हाला पैकीच्या पैकी मिळाले,” सर म्हणाले. “हे तंत्र मीच शिकवलं. म्हणजे नापास मी झालो.”

तेव्हा आम्ही नुसते हसलो. शिक्षक वर्गासमोर असं बोलतो याचं अप्रूप कळायला वय लागतं. नंतर कॉलेजात, नोकरीत, प्रशिक्षणांत मला पुष्कळ शिकवणारे भेटले, त्यांतला एकही असं म्हणाल्याचं आठवत नाही.

त्या दिवसापासून उताऱ्याचे नियम बदलले. तंत्र राहिलं, कारण परीक्षा राहिली होती. पण उत्तरं लिहून झाली की उठून तो उतारा मराठीत सांगायचा, आणि पुस्तकी मराठीत नाही, घरी आजीला सांगतो तसा. अडलेला शब्द आधी अंदाजाने लावायचा, डिक्शनरी शेवटी. एका उताऱ्यात शेतकरी दिवसभर नांगरून ‘वीअरी’ होऊन झाडाखाली बसतो असं होतं. कुणाला येईना. मग ड्रिंबलला उंदीर म्हणणारा तोच उठला आणि म्हणाला, “सर, दिसभर औत हाणून माणूस काय हुणार? दमणार की!” सरांनी डिक्शनरी उघडलीही नाही.

तो सहामाहीपर्यंत काठावर पास होणारा मुलगा. अंदाज करायला परवानगी मिळाली आणि तो सुटलाच. खतांच्या पोत्यांचा किस्साही त्याचाच. सरांनी सांगितलं होतं की गावात जिथे इंग्रजी छापलेलं दिसेल ते उतरवून आणा. काडेपेटी, युरियाचं पोतं, औषधाची बाटली, काहीही. पोत्यावर असायचं ‘यूज नो हुक्स’. एकीने अर्थ केला, ‘हुकांचा उपयोग नाही’. सरांनी विचारलं, पोती कोण उचलतं? हमाल. कशाने? आकड्याने. आकडा लावला तर पोत्याचं काय होतं? मग सगळ्यांना एकदम उमगलं. आमचे हे साहेब मात्र खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं उतरवून घेऊन आले, ‘शेक वेल बिफोर यूज’. ‘वेल’ म्हणजे विहीर हे पाचवीत पाठ केलेलं. त्यांनी लिहिलं, ‘वापरण्याआधी विहीर हलवा.’ पुढे ते आमच्या गावचे सरपंच झाले, आणि त्यांच्या काळात नळपाणी योजना झाली, तेव्हा आम्ही त्यांना म्हटलंही की शेवटी विहीर हलवलीसच तू.

लिहिण्याचं दुखणं वाचण्याहून मोठं होतं. सहामाहीला ‘माय स्कूल’ निबंध आला आणि बत्तीस जणांनी गाइडमधला एकच निबंध उतरवला. ‘देअर इज अ ब्यूटिफुल गार्डन इन फ्रंट ऑफ माय स्कूल. देअर आर मेनी कलरफुल फ्लॉवर्स.’ पेपर वाटायच्या दिवशी सर आम्हाला रांगेने बाहेर घेऊन गेले आणि म्हणाले, “दाखवा गार्डन.” समोर पटांगण, पटांगणात एक लिंब, लिंबाला बांधलेली कुणाचीतरी शेळी. तिथेच मातीत बसून आम्ही निबंध पुन्हा लिहिला. माझा असा होता: ‘देअर इज वन नीम ट्री. अ गोट इज टाइड टु इट. द गोट ईट्स आवर बुक्स.’ शेवटचं अर्ध खरं होतं, पण सरांनी चालवून घेतलं.

तिथून रोजची तीन वाक्यं सुरू झाली. जुनी वही, रोज तीन वाक्यं, आज खरंच जे घडलं तेच. गाइडमधलं वाक्य सापडलं तर पान फाडायचं. सर रोज वह्या नेत आणि सकाळी परत देत. पस्तीसच्या आसपास वह्या, आणि हे जादा काम, याचा हिशोब मी आता करते. शेवटच्या सत्रात माझी वाक्यं बरीच एकसुरी आहेत: आज ज्वारी काढली, आज हुरडा झाला, आज बस आली नाही. हुरड्याला इंग्रजीत काय म्हणतात हे सरांनी सांगितलं नाही. ‘हुरडाच लिही, ज्याला खायचाय तो शिकून घेईल,’ म्हणाले.

त्या वहीतलं एक पान मी जपून ठेवलंय. आमची म्हैस गेली होती. ऐन दुधाची, बँकेच्या कर्जावर घेतलेली. मी लिहिलं: ‘आवर बफेलो डाइड. आण्णा डिड नॉट ईट. आय ईटेड.’ बफेलोत मी एकच एफ लिहिला होता, सरांनी दुसरा एफ लाल शाईने घातला. ‘ईटेड’ तसंच राहिलं. ते चुकीचं आहे हे मला आठवीत कळलं, आणि मग कितीतरी वर्षं मला वाटत होतं की सरांची नजर चुकली. सरांची नजर चुकत नसे.

वार्षिकला मला इंग्रजीत किती गुण पडले ते आठवत नाही. बरे पडले असावेत, घरी पेढे आले होते.

मध्यंतरी माझी भाची आठवीच्या शिष्यवृत्तीला बसली होती. पूर्वी सातवीला असायची ती, आणि आता पुन्हा सातवीलाच आणली आहे. पेपर दोनमध्ये तृतीय भाषा म्हणून इंग्रजी, पंचवीस प्रश्न, पन्नास गुण, चार पर्याय आणि गोल काळा करायचा. काही प्रश्नांना दोन पर्याय बरोबर असत आणि दोन्ही रंगवावे लागत, ही गोष्ट मला आवडली, तिथे नुसतं बोट ठेवून भागत नसे. पण त्या अख्ख्या पेपरात पोरीला इंग्रजीत एक वाक्यही लिहायचं नव्हतं. हजारो पेपर यंत्राने तपासायचे म्हणजे असंच होणार, हे मलाही कळतं. तरी तिला एक जुनी वही दिली आणि रोज तीन वाक्यं सांगितली. दुसऱ्या दिवशी तिने लिहून आणलं, ‘माय मावशी इज स्ट्रिक्ट.’ तीन वेळा. खरं तेच लिही म्हटलं होतं, त्यामुळे मला काही बोलता आलं नाही.

मी कृषी खात्यात आहे. इंग्रजीतली शिफारस वाचायची आणि शेतकऱ्यांसाठी मराठीत माहितीपत्रक करायचं, हे माझ्या कामातलं एक काम. मागच्या डिसेंबरात सरांना भेटायला गेले तेव्हा पिशवीत रब्बी ज्वारीवरच्या मावा या किडीचं नवं पत्रक होतं. मोठ्या कौतुकाने त्यांच्या हातात दिलं. सरांनी चष्मा लावला, जोडाक्षरातली एक वेलांटी पेनने दुरुस्त केली आणि पुढे वाचत राहिले.

“चिकटा दिसताच कशाची फवारणी करावी?” त्यांनी विचारलं.

“आंतरप्रवाही कीटकनाशकाची,” मी म्हटलं.

“पैकीच्या पैकी,” सर म्हणाले. “आता आंतरप्रवाही म्हणजे काय ते मला सांग. आण्णांना सांगशील तसं.”

मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले. मग सांगितलं की फवारलेलं औषध पानावर नुसतं बसत नाही, ते झाडाच्या रसात उतरतं, आणि मावा तो रस पितो तेव्हा त्याच्या पोटात जातं.

“मग हेच लिही की,” म्हणाले, आणि पत्रक माझ्याकडे परत दिलं.

एसटीत बसल्यावर मी पेन काढून त्यावर खुणा करायला घेतल्या. मंगळवेढा येईपर्यंत सतरा ड्रिंबल सापडले होते.