घोडं अडलं बेरियमपाशी

सुपरकंडक्टिंग, म्हणजे पुरेशी थंड केली की विजेला रोधच न करणारी, तार म्हटलं तरी प्रत्यक्षात ती पट्टी असते. १२ मिलिमीटर रुंद, केसाहून पातळ अशी हॅस्टेलॉय या निकेलच्या मिश्रधातूची फीत, तिच्यावर ऑक्साइडचे बफर (मधले संरक्षक) थर आणि वर जेमतेम मायक्रॉनभर यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइड. ह्यूस्टनला पीएचडी करताना हा शेवटचा थर वाफेतून बसवायचं काम माझ्याकडे आलं. फीत बफरसकट तयार मिळायची, पंप आणि रीळ बिनतक्रार चालायचे. छळलं ते बेरियमने.

तिन्ही धातूंची सेंद्रिय संयुगं द्रावणातून व्हेपोरायझरमध्ये, म्हणजे वाफ करणाऱ्या तापलेल्या भांड्यात, सोडतात आणि वाफ आर्गॉनबरोबर ८०० अंशांच्या आसपास तापलेल्या फितीवर नेतात. यिट्रियम आणि तांबं निमूटपणे उडतं. बेरियमचा आयन मोठा, सेंद्रिय रेणू त्याला पुरते झाकू शकत नाहीत, मग ते एकमेकांत गुंतून जड होतात. फिनँथ्रोलीन या आणखी एका सेंद्रिय रेणूची जोड दिली तरी वाफ नेणारी नळी २५० अंशांच्या वर ठेवावी लागते. थंड पडली तर बेरियम भिंतीवर बसतं, फार तापली तर वाटेतच विघटन होतं. नळी उघडली की फ्लँजच्या (नळीच्या जोडाच्या कड्याच्या) आतल्या कडेला पांढुरकी खपली हमखास दिसायची, कारण हीटिंग टेप तिथे नीट बसतच नाही. थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, लावायचा तर तिथेच लावा, नळीच्या मध्यावरचा आकडा फसवा असतो.

त्यात बेरियमच्या संयुगाच्या पावडरीची एक बाटली दुसरीसारखी नसायची. पुरवठादाराला विचारलं की शुद्धतेचा दाखला पुन्हा ईमेलने हजर! अहो, मला हवं होतं ते तापवल्यावर किती उडतं आणि किती मागे उरतं. याचा राग अजून गेलेला नाही. शेवटी प्रत्येक नवी बाटली हवाबंद ग्लोव्हबॉक्समध्येच उघडायची आणि आधी थर्मोग्रॅव्हिमेट्री, म्हणजे तापवत नेताना वजन किती घटतं त्याची मोजणी, करायची, हा नियम मीच घातला. उरलेला गाळ जास्त दिसला की बाटली परत. त्यानंतर थराच्या एक्स-रे तपासणीतली, बेरियम कमी पडल्याची खूण असलेली कॉपर ऑक्साइडची जादा शिखरं ओसरली आणि ७७ केल्व्हिनला, द्रवरूप नायट्रोजनमध्ये, पट्टीने टोकापासून टोकापर्यंत प्रवाह वाहून नेला. त्या दिवशी मी लॅबमध्ये अक्षरशः ओरडलो.

हो, आणि नुसता थर बसला म्हणजे पट्टी सुपरकंडक्टर झाली असं नाही, त्यात ऑक्सिजन कमी असतो. आधी चांदी चढवा, मग ५०० अंशांच्या आसपास ऑक्सिजनमध्ये ठेवा. चांदीतून ऑक्सिजन आरामात आत जातो.