खरसुंडीच्या वाटेवर भेटलेला बर्फ

चैत्रातल्या यात्रेला खरसुंडीला ये, म्हणून अक्काचा तीन वर्षं धोशा होता. यंदा कराडहून मोटारसायकलच काढली. एसटीनं गेलो असतो तर वाटेत टेंभूच्या बंधाऱ्यावर थांबता आलं नसतं.

ओगलेवाडीवरून पुढं आत वळून कृष्णेकाठी आलो. भर एप्रिलात बंधाऱ्यात एवढं पाणी बघून नवखा माणूस चक्रावेल. पण वर कराडात प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेला मिळते आणि तिच्या धरणात १०५.२५ टीएमसीपर्यंत पावसाळा साठवता येतो. हा त्यातलाच वाटा. इथून पंप ते पाणी पाच टप्प्यांत चढवत कडेगाव, खानापूर, आटपाडी करत पार सांगोल्याकडं नेतात.

विट्यापर्यंत ऊस सोबतीला होता. भिवघाटात चहा पिऊन आलो तर गाडीच्या सीटवर बसवेना.

दाजी यात्रेसाठी कुल्लूहून आलेले. हा सगळा पट्टाच गलाईवाल्यांचा. सोनं-चांदी गाळायला इथली माणसं देशभर पांगलीत. दाजींची भट्टी तिकडं हिमाचलात, डाळिंबाची बाग इकडं आबांच्या जिवावर. गुलाल-खोबरं, सासनकाठ्या, सिद्धनाथाचं दर्शन सगळं झालं, आणि संध्याकाळी आम्ही बागेत गेलो.

डाळिंबाचा आंबे बहार, म्हणजे उन्हाळी हंगाम, धरलेला. लिंबाएवढी फळं. दाजींनी वाकून ठिबकच्या नळीचा एक ड्रिपर उपटला, तोंडात धरून जोरात फुंकला, परत बसवला. तरी थेंब येईना. मग नखानं क्षार खरवडले आणि थेंब पडायला लागला तसे तिथंच उकिडवे बसले.

"पाव्हणं, आमच्या कुल्लूचं बी असंच झालंय. पाणी हाय, पण वेळंला न्हाई."

मला वाटायचं, हिमालयाखाली राहणाऱ्याला पाण्याची कसली चिंता! दाजींनी खुळ्यात काढलं. डोंगरावरचा बर्फ म्हणजे भिंत नसलेली कोयना. थंडीत साठायचा आणि उन्हाळाभर हळूहळू सुटायचा. आता थंडीतही खालच्या उतारांवर बर्फाऐवजी पाऊस पडतो, आणि जो बर्फ साठतो तो उष्म्यानं लवकरच वितळतो. ओढे मार्चातच फुगतात. मे-जूनात, पावसाळ्याच्या तोंडावर, बागांना खरी गरज असते तेव्हा ते रोडावतात. मोठ्या बियासला वरच्या हिमनद्यांचा आधार तरी आहे. गावोगावच्या कूहली, म्हणजे आपले पाटच, नुसत्या हंगामी बर्फावर चालणाऱ्या ओढ्यांवर असल्या की त्यांना तोही नाही. २०२५ मध्ये काठमांडूच्या इसिमोड या पर्वतांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेनं सांगितलं होतं, त्या हिवाळ्यात हिंदुकुश-हिमालयात बर्फ टिकून राहण्याचं प्रमाण २३ वर्षांत सगळ्यात कमी होतं.

लडाखात सोनम वांगचुक यांनी यावर बर्फाचे स्तूप उभारले. हिवाळ्यात वाया जाणारं पाणी नळानं उतरवून कारंज्यासारखं उडवायचं, ते गोठून सुळका होतो आणि वसंतात पेरणीच्या वेळी वितळतो. पाणी वर चढतं ते उताराच्या दाबानं, पंप लागत नाही. आमच्याकडचं वीजबिल आठवून मी गप्प बसलो.

"सफरचंदाला थंडीचे तास भरावं लागत्यात," दाजी म्हणाले. "खालच्या अंगाला ते भरंनात. आमच्या शेजाऱ्यानं झाडं काढली आन् काय लावलं सांगा बघू?"

मी काश्मीरपासून केरळपर्यंतची सगळी पिकं सांगून हरलो.

"डाळिंब!"

आटपाडीच्या माळावरचं पीक कुल्लूत! दाजी मात्र हसले नाहीत. डाळिंबाला आपण ताण देतो तो ठरवून, म्हणाले. पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, मग पाणी सोडलं की कळी निघते. पण फळ धरल्यावर पाणी मागंपुढं झालं की ते तडकतं. तिथं ओढ्यालाच ताण बसलाय, आणि तो कधी सुटंल ते कुणाच्या हातात न्हाई.

रात्री जेवताना त्याच शेजाऱ्याचा फोन आला. दाजींनी स्पीकर लावला. गडी हिंदीत विचारत होता, ताण किती दिवस द्यायचा? दाजींनी आबांकडं बघितलं. आबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला.

"आदी त्याच्याकडं पाणी कवा येतंय ते इचार," आबा म्हणाले.